कडीपाटावर टाइल्स : आधी लाकूड, मग फरशी

स्लॅबवर टाइल्स बसवणारा गवंडी कुठेही मिळतो. पण खाली स्लॅबच नसेल तर?

अंबाजोगाईच्या जुन्या भागात आमचा वाडा आहे. खाली दगड-मातीच्या भिंती, वर कडीपाटाची माडी. खालच्या खोल्या दुकानाला भाड्याने दिलेल्या, त्यामुळे आजी माडीवर राहते. गुडघे दुखायला लागले तसं ती म्हणाली, "लेकरा, रातच्याला जिना उतरणं आता होत न्हाई." म्हणून माडीवरच दीड बाय दोन मीटरचं बाथरूम केलं. गवंड्याने फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरला, तीन इंच कोबा टाकला आणि वर टाइल्स बसवल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात टाइल्स बद्द वाजू लागल्या, सांधे फुटले आणि खाली दुकानात पाणी ठिबकू लागलं.

दोष टाइल्सचा नव्हता. लाकूड दोन तऱ्हेने हलतं. एक म्हणजे ओलाव्याने. रेषांच्या आडव्या दिशेने ते फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. वैशाखात सैल असलेलं जुनं दार श्रावणात लागत नाही, ते यामुळेच. दुसरं, वजनाने ते वाकतं. टाइलला आणि सिमेंटला यातलं काहीच सोसत नाही.

सगळं उकरून काढल्यावर आम्ही एक साधी टेस्ट केली. खालून कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली, वर मधोमध चार मित्र उभे केले (हॉस्टेलच्या मेसमधले, म्हणजे वजन भरपूर) आणि पट्टीने मोजलं. कडी 14 मिलिमीटर खाली आली. लाकूडकामाचं आपलं मानक आय.एस. 883 सांगतं की, वर टाइलसारखं ठिसूळ काही असेल तर वाकणं गाळ्याच्या 360 व्या भागापेक्षा जास्त नको. आमचा गाळा 3 मीटर, म्हणजे मर्यादा 8.3 मिलिमीटर. इथेच निकाल लागला.

उपाय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुस्तकातच होता. मध्यावर भार असेल तर वाकणं गाळ्याच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. गाळा अर्धा केला की वाकणं आठव्या भागावर. म्हणून कड्यांखाली मधोमध आडवा लोखंडी गर्डर घेतला, तोही मातीच्या भिंतीवर न टेकवता स्वतंत्र पाया असलेल्या दोन खांबांवर. दुकानदार खांबांवरून बराच कुरकुरला. पुन्हा तेच चौघे उभे केले, तेव्हा वाकणं दोन मिलिमीटरच्या आत आलं.

आता वजनाचं. तीन इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण 170 किलो. तीन चौरस मीटरला अर्धा टन! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. किल्लारी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. अशा भिंतींच्या घरात वर उगाच वजन चढवू नये, हे सांगायला डिग्री लागत नाही. प्लाय, बोर्ड, टाइल आणि चिकटवायचा मसाला मिळून 50-55 किलोत भागतं.

सुतारमामांनी पेचकसाने प्रत्येक कडीचं टोक टोचून पाहिलं. भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथे ओल राहते आणि हवा लागत नाही. एक कडी वीतभर मऊ निघाली. कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी सागाच्या फळ्या भिंतीपर्यंत नेल्या आणि नटबोल्टने आवळल्या. मग एप्रिलचे दोन आठवडे सगळं उघडंच ठेवलं. ओलं लाकूड झाकलं तर ते आत कुजत राहतं. गवंड्याला घाई होती, आम्ही ऐकलं नाही.

पाण्याचा ढाळ कोब्याने न देता कड्यांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून दिला, मीटरला एक सेंटिमीटर. त्यावर आय.एस. 710 चा 19 मिलिमीटर प्लाय, दर 15 सेंटिमीटरला स्क्रू. दोन प्लायमध्ये 3 मिलिमीटर आणि भिंतीशी 6 मिलिमीटर फट. फट म्हणजे काम कच्चं, असं गवंडी समजतात. पण फुगायला जागा नसेल तर प्लाय वर उचलला जातो. मग फायबर सिमेंटचा बोर्ड, कोपऱ्यांना जाळीची पट्टी आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर वीतभर चढवून. जाळीच्या ट्रॅपभोवती हात राखून काम करू नका, गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

टाइल्स लावायच्या आधी ट्रॅपला बोळा मारून 48 तास पाणी तुंबवलं. दुकानदार दर तासाला वर बघायचा. थेंब पडला नाही. तेव्हा कुठे लवचिक पॉलिमर मसाल्यावर खरखरीत टाइल्स बसवल्या. भिंतीलगतच्या सांध्यात मात्र पांढरं सिमेंट न भरता सिलिकॉन भरलं.

एक गोष्ट राहिली. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आजीला बाथरूममध्ये दोनशे लिटरचा ड्रम हवा होता. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर, तोही एकाच जागी. ड्रम खालीच ठेवला आणि वर दोन बादल्या. त्यावरून आजीचं आणि माझं अजून मिटलेलं नाही.