कोलाडला नदीकाठचे घर भाड्याने घेताना

रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका पावसाळा सोडला तर विजेच्या मागणीप्रमाणे चढते आणि उतरते. मुळशी तलावाचे पाणी बोगद्यातून आणि जलवाहिन्यांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात येते, जनित्रे फिरवते आणि रावळज्याच्या बाजूला कुंडलिकेत पडते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. एरवी मुळा-भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेले असते ते पाणी अशा रीतीने रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटलेल्या असताना येथे राफ्टिंग चालते ते याच पाण्यावर, आणि काठाकाठाने भाड्याच्या घरांचा धंदा उभा राहिला तोही त्याच जोरावर.

नवख्या पाहुण्याची फसगत होते ती नेमकी इथे. मंडळी रात्री पोचतात आणि सकाळी उठून पाहतात तर पात्रात घोटाभर पाणी, मध्ये रुंद कोरडे खडक. मुले लगेच खडकावर जाऊन बसतात, मोठे मागोमाग चहाचे कप घेऊन. वर पाणी सुटल्यावर काठ आणि खडक यांमधली सखल पन्हळ आधी भरते. खडकावर बसलेल्याला आपल्या पायाखालचा दगड कोरडा दिसत असतो, त्यामुळे धोका कळतच नाही. कळतो तेव्हा परतीची वाट कमरेइतक्या धावत्या पाण्याखाली गेलेली असते. अशा वेळी पोहून काठ गाठण्याचा मोह सर्वांत घातक. खडकाच्या उंच टोकाला एकत्र थांबावे आणि काठावरच्यांनी दोर घेऊन येणाऱ्या जाणत्या माणसाची वाट पाहावी.

म्हणून घर ठरवताना खोल्यांच्या फोटोंआधी पाण्याची वेळ विचारावी. पाणी बहुधा सकाळी सुटते, राफ्टिंगही त्यावरच बेतलेले असते. पण विजेची गरज बदलली की वेळ बदलते. कालची वेळ आज धरून चालू नये. घरमालक पुष्कळदा मुंबई-पुण्यात असतो आणि त्याला हे माहीत नसते. राखणदाराला असते, कारण त्याचे घर त्याच गावात असते. आदल्या रात्री त्यालाच विचारावे. शिवाय पात्र स्वतःही सांगते: खडकांवरची ओली रेघ आणि काठच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा पाणी कुठवर येते ते दाखवतो. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहत आली, तर सगळ्यांना ताबडतोब काठावर आणावे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पोहणे मात्र कोणत्याही वेळी टाळावे. वरून पडणारे पाणी तिथे माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते.

राफ्टिंगचा टप्पा सुमारे १२ ते १४ किलोमीटरचा आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा व्यावसायिकांना नोंदणी बंधनकारक केली आहे, तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच नको. लाइफ जॅकेट बांधून झाल्यावर खांद्यापाशी धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ढिले आहे. पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत. पात्रात उभे राहण्याची धडपड करू नये, कारण पाय खडकांत अडकतो.

घराबद्दल. कौलारू छप्पर, पडवी आणि सारवलेली जमीन यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण जमिनीवर अंथरूण घालण्याचा हट्ट सोडलेला बरा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपेतला माणूस दुर्लक्ष करतो. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. विंचवासाठी बूट झटकून घालावेत. याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ज्या दंशाने माणसे दगावत, तो वेळेत उपचार मिळाल्यास बरा होऊ लागला. वेळेत पोचणे महत्त्वाचे, म्हणून मोबाइलला रेंज कुठे मिळते ते उजेडी पाहून ठेवावे, १०८ ला पत्ता सांगताना उपयोगी पडेल अशी खूण राखणदाराकडून घ्यावी आणि सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते तेही विचारावे. न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि खिडकी बंद होत असेल, तर ती उघडी ठेवूनच अंघोळ करावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणेही तितकेच वाईट.

हंगाम म्हणाल तर हिवाळाच. पाणी स्वच्छ, हवा बरी, आणि वालाच्या शेंगा तयार झाल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लावता येते. पावसाळ्यात कुंडलिकेला सोडलेल्या पाण्याबरोबर डोंगरातल्या ओढ्यांचे पाणीही मिळते आणि वर सांगितलेल्या खुणांचा भरवसा राहत नाही; पुण्याहून येणारा ताम्हिणीचा रस्ताही दरडींमुळे बंद पडू शकतो. त्या दिवसांत पायाला खरचटलेले असताना चिखलात, साचलेल्या पाण्यात फिरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात नवा नाही. परतल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर आपण नदीच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. शहरातल्या दवाखान्यात तो प्रश्न विचारला जाईलच असे नाही.