वेतनकपातीच्या वाटाघाटीविषयी चिरंजीवास पत्र



अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील एखाद्या संघाच्या करारविभागात काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की क्वार्टरबॅकला, म्हणजे प्रत्येक चढाईत चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे फेकायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूला, डोईजड वेतन दिले जाते अशी ओरड होऊ लागते तेव्हा त्या आकड्यातील बराच भाग वाटाघाटीच्या कक्षेबाहेर गेलेला असतो. एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, 1994 पासून वेतनमर्यादा, म्हणजे प्रत्येक संघाने वर्षभरात खेळाडूंवर करावयाच्या खर्चाची कमाल रक्कम, लागू आहे; मात्र करारावर सही करताना खेळाडूला मिळणारा बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागून दाखवता येतो. हा बोनस ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळणाऱ्या उचलीसारखा असतो. फरक इतकाच, की तो खेळाडूच्या मजुरीतून नव्हे, तर संघाच्या मर्यादेतून वळता होतो.

आदल्या हंगामात करोनाच्या साथीमुळे स्टेडियम बहुतांशी रिकामी राहिल्याने 2021 साली ही मर्यादा 19 कोटी 82 लाख डॉलरवरून 18 कोटी 25 लाखांवर घसरली, आणि पिट्सबर्ग स्टीलर्सच्या खात्यात 39 वर्षांच्या क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरच्या नावापुढे 4 कोटी 12 लाख 50 हजार डॉलर दिसत होते. त्यांपैकी 2 कोटी 22 लाख 50 हजार त्याला आधीच पोहोचलेले होते व केवळ हिशेबात मांडायचे उरले होते. त्याला काढून टाकले असते तरी ही रक्कम, जिला त्या व्यवसायात डेड मनी म्हणतात, संघाच्या मानगुटीवर बसलीच असती. बोलणी शक्य होती ती उरलेल्या 1 कोटी 90 लाखांविषयी. मार्चमध्ये त्याने त्यातले 50 लाख सोडले, आणि राहिलेल्या रकमेचा मोठा हिस्सा पुन्हा बोनस म्हणून पुढील वर्षांवर ढकलला गेल्याने त्या वर्षीचा भार सुमारे 2 कोटी 59 लाखांवर आला. संघाला मिळालेल्या सवलतीत खरी कपात अशी जेमतेम एक तृतीयांश होती, बाकी सारी पुनर्रचना होती. पुनर्रचनेत खेळाडूचा एक डॉलरही बुडत नसल्याने तिला होकार मिळवण्यात फारसे कौशल्य नाही, जरी वर्तमानपत्रे तिचेही श्रेय व्यवस्थापकाला देतात. कपातीचे तसे नसते. ती पिट्सबर्गला साधली याचे कारण त्याला त्याच शहरात आणखी एक हंगाम खेळायचा होता आणि यंदा वेतनाची फिकीर नाही असे त्याने स्वतःच आधी सांगून ठेवले होते.

याच्या उलट प्रकार डेन्व्हरमध्ये घडला. सप्टेंबर 2022 मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनशी पाच वर्षांचा 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार झाला, आणि वर्षभरातच संघाला त्याचा पश्चात्ताप होऊ लागला. त्याच्या 2025 च्या 3 कोटी 70 लाखांच्या वेतनाला प्रारंभी फक्त दुखापतीपुरती हमी होती, पण मार्च 2024 मधील ठरावीक दिवशी ती बिनशर्त होणार होती. ही तारीख पुढे ढकलण्यास संमती न दिल्यास उरलेल्या हंगामात बाकावर बसवू, असे भर हंगामात बजावण्यात आल्याचे विल्सनने पुढे जाहीर केले. खेळाडूंच्या संघटनेनेही त्याविरुद्ध लेखी आक्षेप नोंदवला होता. त्याने नकार दिला, अखेरचे दोन सामने तो बाकावर राहिला, मार्चमध्ये मुक्त झाला आणि डेन्व्हरच्या माथी दोन वर्षांत मिळून सुमारे 8 कोटी 50 लाखांचा डेड मनी आला. धमकी फुकट का गेली, हे चिरंजीवाने नीट समजून घ्यावे. 2024 च्या 3 कोटी 90 लाखांची हमी अगोदरच पक्की होती आणि नवा संघ जेवढे देईल तेवढेच डेन्व्हरच्या देण्यातून वजा होणार होते. म्हणून पिट्सबर्गने त्याला अवघ्या 12 लाख 10 हजारांच्या किमान वेतनावर घेतले व उरलेले पैसे डेन्व्हरने भरले. नकार दिल्याने ज्याचे काहीच जात नाही, त्याला भीती घालण्यात अर्थ नसतो.

धमकी देणाऱ्या संघाजवळचा पर्यायही खरा असावा लागतो. 2013 मध्ये ओकलंडने कार्सन पामरकडे कपात मागितली, तो राजी झाला नाही म्हणून त्याला ॲरिझोनाला देऊन टाकले आणि मॅट फ्लिनला आणले. फ्लिनने तेथे एकच सामना सुरुवातीपासून खेळला व ऑक्टोबरमध्ये त्याला निरोप मिळाला, तर पामरने दोन वर्षांनी ॲरिझोनाला लीगमधील आपल्या गटाच्या (कॉन्फरन्सच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेले.

कपात मागणाऱ्याने काही द्यावेही. 2023 मध्ये ॲरन रॉजर्सने न्यू यॉर्क जेट्ससाठी सुमारे 3 कोटी 50 लाख डॉलर सोडले, पण त्या बदल्यात दोन वर्षांच्या 7 कोटी 50 लाखांना पूर्ण हमी मिळवली, आणि पहिल्याच सामन्यातील चौथ्या चालीवर त्याच्या टाचेची कंडरा तुटली तेव्हा या हमीचे मोल उघड झाले.

म्हणून चिरंजीवाने एजंटाशी बोलण्यापूर्वी कागदावर तीन रकमा वेगळ्या मांडाव्यात: दिलेली, हमी दिलेली आणि खरोखर मोकळी. बोलणे हमीच्या तारखेच्या पुष्कळ आधी, हंगाम संपल्यावर आणि बंद दाराआड करावे. दुखापतीच्या हमीचा विषय बाकाच्या धमकीशी कदापि जोडू नये. मोकळी रक्कम किरकोळ निघाली, तर कपातीचा विषयच काढू नये आणि मालकाला तसे स्पष्ट सांगावे.