आफ्रिकन व्हायोलेट: माती नको, मिक्स हवं

व्हिडिओत मिक्स कालवून दाखवलंय, प्रमाण इथे लिहून देतोय.

हे झाड मूळचं टांझानिया-केनियाच्या डोंगरातलं; सावलीत, खडकांच्या खाचांत वाढणारं. त्याच्या नाजूक मुळांना ओलावा हवा, तशीच हवाही हवी. बागेतली माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळं कुजतात. गिऱ्हाईकाच्या घरी झाड गेलं, की गिऱ्हाईकही गेलं!

प्रमाण (वजनाने नाही, मापाने):
• कोकोपीट १ भाग (दोन-तीन पाण्यांतून धुवून, क्षार निघून जातात)
• परलाइट १ भाग (पावसाळ्यात थोडं जास्त)
• व्हर्मिक्युलाइट १ भाग

आता हिशोब. ३ इंची कुंडीत साधारण पाव लिटर मिक्स बसतं. म्हणजे १० लिटरमध्ये ४० कुंड्या. मिक्सचा एकूण खर्च भागिले ४०. त्यात कुंडी, खत, मेलेली रोपं आणि तुमचा वेळ धरा. पानापासून फुलावर यायला सहा महिने तरी लागतात, म्हणून वेळ फुकट धरू नका.

प्रत्येक कुंडीसोबत चिठ्ठी द्या: वरचा थर सुकला की पाणी, पानांवर गार पाणी नको, उजेड भरपूर पण कडक ऊन नको.

या आठवड्यात दहाच कुंड्या भरा आणि खर्च वहीत लिहा. दर त्यानंतर ठरवा.