ब्रिजच्या डावांतील गुणगणना

मृगाचा पाऊस लागला कीं आपल्या रत्नागिरींत ओटीवर पत्त्यांचा डाव पडतो, आणि हरलेला गडी एकच तक्रार करितो, "पानेंच वाईट आलीं!" ही तक्रार जेथें चालत नाहीं असा पत्त्यांचा एक खेळ आहे. तो म्हणजे क्लबांत खेळला जाणारा डुप्लिकेट ब्रिज.

ह्यांत खेळलेलीं पानें एकत्र पिसत नाहींत. प्रत्येक खेळाडू आपलीं तेरा पानें जशींच्या तशीं खोक्यांत ठेवितो, व तोच डाव दुसऱ्या मेजावर जातो. समजा, उत्तर-दक्षिणेचीं तींच पानें पांच जोड्यांनीं खेळलीं. पहिले सहा हात हिशेबांत नसतात. चार इस्पिकांची बोली करून दहा हात करणाऱ्या जोडीस हातामागें 30 प्रमाणें 120, व गेमचें बक्षीस 300, मिळून 420 गुण. (पक्ष 'व्हल्नरेबल' असल्यास हें बक्षीस 500.) दुसरीनें बिनहुकुमी तीनच्या बोलीवर तेवढेच हात केले, तिला 430. तिसरीनें चार इस्पिकांवर अकरा हात केले, 450. चौथी भित्री; दोनवरच थांबली आणि दहा हात करूनहि 170 वर राहिली. पांचवीची चारची बोली एका हातानें बुडाली, उणे 50.

आतां खरी गंमत पाहा. मागें टाकलेल्या प्रत्येक जोडीबद्दल दोन, बरोबरीबद्दल एक, असे तुलनेचे गुण देतात. म्हणून ह्या जोड्यांस अनुक्रमें 4, 6, 8, 2 व 0 मिळतात. 420 व 430 ह्यांतील दहांचें अंतर आणि 170 व 420 ह्यांतील अडीचशेंचें अंतर, दोहोंची किंमत सारखीच! पूर्व-पश्चिमेस पडकीं पानें आलीं खरीं, पण त्यांची तुलनाहि तींच पानें धरणाऱ्यांशीं होते.

सत्राच्या अखेरीस टक्केवारी काढून वरच्या कांहीं जोड्यांनाच मास्टरपॉइंट देतात. त्यासाठीं संघटनेनें मान्य केलेली स्पर्धा व खेळाडूची नोंदणी हवी. ओटीवरच्या डावास ते नाहींत. एकदां मिळालेले मास्टरपॉइंट हरल्यानें कमी होत नाहींत. म्हणून ते कौशल्याइतकेंच चिकाटीचेंहि माप आहेत, असें माझें मत.

पुष्कळ पालकांस पत्ते म्हणजे जुगार वाटतो. माझ्या वडिलांसहि वाटे. 1967 सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीच्या खटल्यांत ठरविलें कीं, त्या खेळांतील दैव ब्रिजच्या वाटणींतल्यासारखेंच असून खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति हिदायतुल्ला पूर्वीं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मात्र क्लबानें त्यांतून नफा काढल्यास गुन्हा होऊं शकतो, हेंहि त्याच निकालांत आहे. पुढें 2018 सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत पुरुष जोडींचें सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार ह्यांनीं मिळविलें. बर्धन तेव्हां साठ वर्षांचे होते.