संत नरहरी सोनार व देवाची क्षमाशीलता

श्रीक्षेत्र पंढरपूर येथील संत नरहरी सोनार हे पूर्वायुष्यात कट्टर शिवोपासक होते. विठ्ठलाचे मुखही पाहावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. आख्यायिकेनुसार एका सावकाराने नवसपूर्तीसाठी विठ्ठलाचा सोन्याचा करगोटा त्यांच्याकडून घडविला. परंतु तो मापास बसेना. अखेर नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून माप घेण्यास मंदिरात गेले. हातांना व्याघ्रांबर व सर्प जाणवले. पट्टी सोडताच समोर विठ्ठल! पुन्हा बांधली, तो पुन्हा शंकर. हरिहरांचे ऐक्य उमगून ते शरण गेले. देवाने नकाराचा रोष धरला नाही; त्यांच्याच आराध्याच्या रूपाने त्यांना जवळ केले. म्हणूनच दीर्घकाळ देवाकडे पाठ फिरविलेल्यानेही दर्शनास येताना संकोच बाळगू नये.