जुनाट कंबरदुखी : विश्रांति किती, काम किती

दादरच्या फुलबाजारांत पहाटे चार वाजतां उभे राहिल्यास आमच्या म्हणण्याचा प्रत्यय येईल. पुणें-सातारा भागांतून झेंडू घेऊन आलेला बागाईतदार रात्रभर टेंपोंत अंग आखडून बसलेला असतो. उतरतांच तो आंबलेल्या कंबरेवर हात ठेवतो आणि लगेच वाकून भरलेले क्रेट उचलूं लागतो. दुखणें वाढविण्याची याहून सोपी रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीस जुनाट म्हणतात. ती जडली कीं आपला मनुष्य फोटो काढून मणक्यांत ‘गॅप’ असल्याचें ऐकून येतो, पट्टा विकत घेतो, आणि निजून राहतो. मणक्यांमधील गादीची झीज ही वयपरत्वें केस पिकण्यासारखी आहे. ज्यांची पाठ कधीं दुखली नाहीं अशांच्या फोटोंतही ती दिसते. पट्टा बांधणें अथवा वजनें लावून ओढ देणें हे नित्याचे उपचार करूं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. निजून राहण्याविषयीं शेतकऱ्यास काय सांगावें? पडीक टाकलेल्या रानांत नांगर किती जड चालतो, हें तो जाणतोच.

ओझें हेंच एक कारण, असेंही नाहीं. सातारा-रत्नागिरीहून लालबाग-परळास आलेला गिरणीकामगार मागापाशीं पाळीभर उभा राही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागीं झालेल्या कचेऱ्यांत आज कित्येकांचीं मुलें-नातवंडें दिवसभर खुर्चीवर बसतात व तींही कंबर धरूनच घरीं येतात. तासन्‌तास एकाच स्थितींत राहणें हें दोघांसही सारखेंच बाधतें.

तेव्हां उपाय हालचालींतच शोधावा लागतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ पासून भौतिकोपचाराचें विद्यालय आहे. अशा ठिकाणीं एकदां व्यायाम शिकून घेणें उत्तम. घरीं करण्याजोगा एक असा : उताणें निजून गुडघे दुमडावे, पाउलें जमिनीवर टेंकवावीं, ढुंगण हळूहळू उचलून पांच अंक मोजावे व खालीं यावें. प्रथम पांच वेळां पुरे. शिवाय रोज दहा मिनिटें चालावें व दर आठवड्यास थोडें वाढवावें. नव्या खोंडास पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीस कोणी जुंपीत नाहीं. थोडें दुखून तासाभरांत थांबलें तर भिऊं नये. दुसऱ्या सकाळपर्यंत ठणकलें तर प्रमाण निम्में करावें, बंद करूं नये. वेदनाशामक गोळ्या मात्र मनानें महिनोन्‌महिने घेऊं नयेत. पोट व मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

आमच्या परिचयाचे एक फुलबागाईतदार गिरगांवांत भावाच्या खोलींत दीड महिना अंथरुणावर होते. बाग विकण्याची भाषा सुरू झाली होती. प्रथम ते चाळीच्या गॅलरींत फेऱ्या घालूं लागले, मग जिना, मग चौपाटीपर्यंत. दुखणें अजिबात गेलें, असें आम्ही म्हणत नाहीं. थंडींत तें आठवण देतेंच. परंतु पुढील दसऱ्यास माल त्यांनीं स्वतः आणिला. क्रेट अर्धेच भरले होते, आणि उचलतांना ते गुडघ्यांत बसून क्रेट छातीशीं घेत. वाटेंत दोनदां टेंपो थांबवून पाय मोकळे केल्याचें त्यांनीं सांगितलें. चालक कुरकुरला म्हणे, कुरकुरूं द्यावा.

कांहीं लक्षणें मात्र निराळीं आहेत. रोज सायंकाळीं बारीक ताप, वजन घटणें, रात्रीं निजूं न देणारी कळ, यांवरून मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. तो औषधांनीं बरा होतो, पण उशीर झाल्यास पाय लुळे पडण्याचें भय असतें. पायांतील शक्ति एकाएकीं कमी झाली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर माल बाजारांत तसाच सोडून त्याच घटकेस मोठें रुग्णालय गांठावें.