चौकटीतील स्त्री

बनारस म्हटले की घाट, साधू आणि चिता यांचीच छायाचित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. तेथील स्त्रियांचे नित्याचे जीवन त्यांत क्वचितच आढळते. दयानिता सिंह (जन्म १९६१) यांनी याच नगरातील आनंदमयी माँ यांच्या आश्रमात राहणाऱ्या मुलींची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. ‘आय ॲम ॲज आय ॲम’ (१९९९) या मालिकेतील मुली दयेचा वा कुतूहलाचा विषय होत नाहीत; त्या जशा आहेत तशाच आपल्यापुढे येतात.

चळवळीचे चित्रण करतानाही हाच प्रश्न उद्भवतो. शीबा छाछी यांनी १९८० च्या दशकात दिल्लीतील हुंडाविरोधी निदर्शने टिपली. परंतु उगारलेली मूठ म्हणजे संपूर्ण स्त्री नव्हे. म्हणून १९९०-९१ मध्ये त्यांनी सात कार्यकर्त्या स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्याच सल्ल्याने घेतली. स्थळ, मुद्रा आणि भोवतालच्या वस्तू यांची निवड त्या स्त्रियांची होती.

कॅमेरा ज्याच्या हाती, त्याच्याकडे पाहण्याचा अधिकार असतो. तो अधिकार जिचे चित्र घ्यावयाचे तिच्याबरोबर वाटून घेतला, तरच छायाचित्र हा निव्वळ पुरावा न राहता त्या जीवनाचा गौरव होतो.